गावासाठी शासकीय अनुदान: नव्या सरपंचताईंच्या तीन प्रश्नांचे उत्तर

सरपंचताई, सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेले प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मराठवाड्यातील सुमारे १८०० लोकवस्तीच्या गावात आपण यंदा प्रथमच सरपंच झाला आहात. गावठाणाबाहेर एक तांडा आणि एक दलित वस्ती आहे. पाण्याची टाकी, तांड्याचा रस्ता, शाळेचे कुंपण आणि सभामंडप या चार कामांबद्दल आपण विचारले आहे. निवडून आल्यापासून जो भेटतो तो "निधी आणा" म्हणतो. पण निधी नेमका कुठून येतो, हे कोणी सांगत नाही. हा आपला पहिला प्रश्न. प्रस्ताव कसा करावा म्हणजे तो परत येणार नाही, हा दुसरा. तिसरा प्रश्न असा की तालुक्यातील एक कंत्राटदार दोनदा घरी येऊन गेला आहे आणि "तुम्ही फक्त लेटरहेडवर सही करून द्या, २५१५ मधून वीस लाख मी आणतो" असे म्हणतो आहे. त्याला पत्र द्यावे की नाही.

मी ग्रामसेवक म्हणून नोकरीस लागलो आणि विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून निवृत्त झालो. या एकतीस वर्षांच्या अनुभवावरून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. कोऱ्या लेटरहेडवर सही करून देऊ नका. ठरावाशिवाय कामाचे नाव लिहिलेले पत्रही देऊ नका.

२५१५ हे शासनाच्या अर्थसंकल्पातील लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे ठराविक खाते आहे, आणि लोकप्रतिनिधींनी सुचविलेली ग्रामीण भागातील मूलभूत सुविधांची कामे त्यातून मंजूर होतात. त्या पैशात वाईट काही नाही, अनेक गावांचे रस्ते त्यातूनच झाले आहेत. अडचण अशी की मंजुरीच्या शासन निर्णयाला जोडलेल्या यादीत गावाचे नाव, कामाचे नाव आणि रक्कम एकदा छापली गेली की ते काम बदलणे फार कठीण होते. जो माणूस आपल्या सहीचा कागद घेऊन मुंबईपर्यंत जातो, तो त्यावर स्वतःला परवडणारे काम लिहितो. म्हणून सभामंडप येतात, पेव्हर ब्लॉक येतात आणि आधीच सिमेंटच्या असलेल्या गल्लीवर पुन्हा सिमेंट येते. माझ्या बीटमधील एका गावात दोनशे पावलांच्या अंतरात तीन सभामंडप उभे होते. त्यातल्या एकात मी स्वतः सोयाबीनची पोती आणि मळणीयंत्र पाहिले, दुसऱ्याला वीजजोडणीच नव्हती, आणि त्याच गावच्या बायका उन्हाळ्यात पाऊण मैलावरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. तिन्ही मंडपांच्या मागणीपत्रांवर सरपंचांचीच सही होती. त्यांनी पाच-सहा कोरी लेटरहेडे एकदम दिली होती आणि त्यांचे काय झाले हे त्यांना ठाऊक नव्हते.

ग्रामसभेने काम ठरवल्यावर त्या ठरावाची प्रत जोडून आपण स्वतः आमदारांच्या कार्यालयात पत्र द्यावे, जावक क्रमांक टाकावा आणि पोच घ्यावी. काम मंजूर झाले आणि त्याच कंत्राटदाराने नियमाने स्पर्धेत उतरून ते घेतले, तर आपली काही हरकत असण्याचे कारण नाही. मात्र गावाला काय हवे हे त्याने ठरवता कामा नये.

आता पैसा कुठून येतो ते पाहू. त्यासाठी शंभर योजनांची नावे पाठ करण्याची गरज नाही. पैशाचे प्रकार समजले की पुरते. काही पैसा गावाच्या हक्काचा असतो आणि तो न मागता खात्यात येतो. काही पैसा मागावा लागतो, पण त्याला निकष असतात. काही पैसा लोकप्रतिनिधींच्या शिफारशीवर येतो. आणि काही गावाने स्वतः कर लावून मिळवायचा असतो.

हक्काचा पैसा म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२० या पाच वर्षांत, तो संपूर्णपणे ग्रामपंचायतींकडे आला. पंधराव्या आयोगाने जिल्हा परिषद व पंचायत समितीलाही वाटा दिला आणि आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के, वरच्या दोन्ही स्तरांना प्रत्येकी १० टक्के अशी वाटणी झाली. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी या निधीचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या बाबींवरच खर्चायचा, आणि ४० टक्के अबंधित ठरला. बंधित भागाची निम्मी रक्कम स्वच्छतेवर आणि हागणदारीमुक्तीचा दर्जा टिकवण्यावर, तर निम्मी पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांवर खर्च करायची असते. या प्रमाणाने समजा आपल्या पंचायतीला वर्षाला १० लाख रुपये आले, तर ३ लाख स्वच्छतेचे, ३ लाख पाण्याचे आणि ४ लाख गावाने ठरवलेल्या गरजेचे. या ४ लाखांतून वेतन व आस्थापनेचा खर्च मात्र करता येत नाही.

मी पाहिले आहे की अबंधित रक्कम सहा महिन्यांत संपते आणि बंधित रक्कम खात्यात पडून राहते, कारण "त्यात काही करता येत नाही" असा समज पसरलेला असतो. प्रत्यक्षात गावातील बहुतेक रोजच्या तक्रारी याच रकमेतून सुटतात. तांड्यावरील घरांच्या मागे साचणाऱ्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे, गटाराचा शेवट जिथे ओढ्यात मिळतो तिथे स्थिरीकरण तळे, शाळेच्या व अंगणवाडीच्या स्वच्छतागृहाला पाण्याची जोडणी, फुटलेल्या वितरण नळाची दुरुस्ती, विहिरीचे पुनर्भरण, कचरा गोळा करण्याची गाडी: हे सगळे बंधित निधीत बसते. स्वच्छता आणि पाणी या दोन बाबींपैकी एखादीची गावातील गरज पूर्णपणे भागली असेल, तर तिची रक्कम दुसरीवर वापरण्याची मुभाही आहे, फक्त ते ग्रामसभेत नोंदले गेले पाहिजे. पंधराव्या आयोगाचा कालावधी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतचा आहे आणि त्यापुढील पाच वर्षांसाठी सोळावा आयोग आहे. म्हणून नव्या वर्षाचा आराखडा करताना त्या वर्षाच्या मार्गदर्शक सूचना पंचायत समितीतून मागून घ्या, जुनी टक्केवारी गृहीत धरू नका.

या पैशाला दोन महत्त्वाच्या अटी आहेत. निवडून आलेले मंडळ अस्तित्वात असले पाहिजे आणि लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असले पाहिजेत. २०२२ नंतर निवडणुका लांबल्या आणि बहुतेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या, तेव्हा त्या स्तरांच्या वाट्याचा निधी असाच अडकला. गावपातळीवर मंडळ असूनही हिशेब भरले नाहीत म्हणून हप्ता थांबला, तर तो दोष कोणावर ढकलता येत नाही.

मागावा लागणारा पैसा मुख्यतः जिल्हा वार्षिक योजनेतून येतो, ज्याला आपल्याकडे सगळे 'डीपीडीसीचा पैसा' म्हणतात. डीपीडीसी म्हणजे जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. स्मशानभूमी, तिचा रस्ता, ग्रामपंचायत कार्यालय यांसाठी जनसुविधांचे विशेष अनुदान आहे. पाच हजारांहून अधिक लोकसंख्येच्या ग्रामपंचायतींसाठी नागरी सुविधांची वेगळी योजना आहे. आपले गाव त्यात बसत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. दलित वस्तीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास ही योजना आहे आणि तांड्यासाठी वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजना. आदिवासी वस्ती असलेल्या गावांना ठक्कर बाप्पा योजना लागू होते. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी भागासाठीचा वेगळा पंचायत कायदा लागू असलेल्या, पंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के अबंध निधीही थेट मिळतो. राज्यातील तेरा जिल्ह्यांतच असे क्षेत्र असल्याने त्याचा विस्तार इथे करत नाही.

दलित वस्ती व तांडा योजनांत अनुदानाची मर्यादा वस्तीच्या लोकसंख्येवर ठरते. म्हणून त्या दोन वस्त्यांची लोकसंख्या कागदावर किती दाखवली आहे, हे सर्वांत आधी तपासा. एका तालुक्यात काम करताना माझ्या लक्षात आले की पासष्ट उंबऱ्यांचा एक तांडा बृहत् आराखड्यात, म्हणजे योजनेच्या वस्त्यांच्या यादीत, अठरा कुटुंबांचा दाखवला होता, कारण ज्याने यादी केली तो ऊसतोडीच्या हंगामात तांड्यावर गेला होता आणि कुलूप लावलेली घरे त्याने रिकामी समजून सोडून दिली होती. त्या एका चुकीमुळे तांड्याला काही वर्षे निम्म्याहून कमी निधी मिळत राहिला. आपल्याकडेही दिवाळीनंतर तांडा ओस पडत असेल, तर मोजणी पावसाळ्यातच करून घ्या.

लोकप्रतिनिधींचा पैसा म्हणजे वर सांगितलेले २५१५ आणि आमदार-खासदारांचे स्थानिक विकास निधी. खासदार निधीत वर्षाला ५ कोटी रुपये असतात आणि त्यातील १५ टक्के अनुसूचित जातींच्या व साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीच्या भागात खर्च करणे अपेक्षित आहे. दलित वस्तीचे काम मागताना ही तरतूद पत्रात नम्रपणे नमूद करावी. एका मतदारसंघात शेकडो गावे असतात, म्हणून या पैशावर वर्षाचे नियोजन उभारता येत नाही. आला तर एक मोठे काम मार्गी लागते, एवढेच धरावे.

आता प्रस्तावाबद्दल. परत आलेल्या प्रस्तावांचे गठ्ठे मी वर्षानुवर्षे हाताळले आहेत. नियमांच्या गुंतागुंतीमुळे परत आलेले त्यात थोडे होते. बहुतेकांत जागेचा कागद नसायचा, किंवा काम गावाच्या विकास आराखड्यात नसायचे, किंवा ठराव आणि अंदाजपत्रक यांत कामाचे नाव वेगवेगळे असायचे. ठरावात "मारुती मंदिर ते पांडुरंग मंदिर रस्ता" आणि अंदाजपत्रकात "मारुती मंदिर ते शाळा रस्ता" असे लिहिले असेल, तर तपासणारा कारकून ते परत पाठवणारच आणि त्यात त्याची चूक नाही.

जागेचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण गावाचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. गावातील मोठ्या मनाचा माणूस "बांधा माझ्या शेतात टाकी, गावाचेच काम आहे" असे म्हणतो, ग्रामसभेत टाळ्या पडतात आणि टाकी उभी राहते. काही वर्षांनी तो माणूस जातो, मुलांत वाटणी होते, ज्याच्या वाट्याला ती जमीन येते तो टाकीच्या फाटकाला कुलूप लावतो, आणि कायद्याने त्याचेच बरोबर ठरते, कारण सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचे नाव कधी लागलेलेच नसते. असे कुलूप उघडण्यासाठी मी एका गावी तहसीलदारांसोबत चार वेळा गेलो होतो. शेवटी गावाने वर्गणी काढून त्या मुलाला जमिनीचे पैसे दिले. तोंडी दान किंवा नुसते मुद्रांकावरचे संमतिपत्र पुरत नाही. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, फेरफार मंजूर करून घ्या आणि मगच प्रस्ताव पाठवा. दान देणाऱ्याला त्याचे वाईट वाटत नाही. उलट त्याच्या हयातीत, सन्मानाने हे झाले तर त्याचे नाव कायम राहते. गायरानावर काम घ्यायचे असेल तर ती जमीन शासनाची असते, ग्रामपंचायतीकडे ती केवळ सांभाळण्यासाठी दिलेली असते, हे विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरानाबाबत प्रशासन फार काटेकोर झाले आहे, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथे पायासुद्धा खोदू नका.

रस्त्याच्या कामासाठी तो रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, असला पाहिजे. अनेक पंचायतींत ही वही वर्षानुवर्षे भरलेली नसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) सोबत घेऊन एक दिवस गावातील प्रत्येक रस्ता चालून मोजा, लांबी-रुंदी लिहा, कोणत्या वर्षी कोणत्या योजनेतून शेवटचे काम झाले तेही लिहा. हेच काम पूर्वी दुसऱ्या योजनेतून झालेले नाही, असा दाखला प्रत्येक प्रस्तावाला आपल्या सहीने जोडावा लागतो. एकाच रस्त्यावर दोन लेखाशीर्षांतून पैसे उचलले गेल्याचे लेखापरीक्षणात निघाले, तर वसुली सही करणाऱ्यांवर येते. त्या वेळी आपल्याला आधार फक्त ही वही देईल.

अंदाजपत्रक पंचायत समितीचे किंवा जिल्हा परिषद उपविभागाचे अभियंते करतात. ते जागेवर येतील तेव्हा आपण स्वतः हजर राहा आणि त्या जागेची पावसाळ्यातली स्थिती त्यांना सांगा. उन्हाळ्यात मोजमाप करणाऱ्याला ओढा दिसत नाही. एका गावात स्मशानभूमीचे शेड, दहनओटा, बसायचे बाक असे सगळे नीट आणि पक्के बांधले गेले. पण ते ओढ्यापलीकडे होते आणि ओढ्यावर फरशी पूल नव्हता. पुढच्या श्रावणात एका वृद्धेचे प्रेत घेऊन माणसे कमरेएवढ्या पाण्याच्या काठावर दोन तास थांबली आणि शेवटी अलीकडच्या बांधावर पत्रे धरून त्यांनी अग्नी दिला. मी त्या दिवशी तिथे होतो. त्या प्रस्तावाच्या कागदांत एकही त्रुटी नव्हती. ज्यांना तो रस्ता रोजचा होता, त्यांना मात्र जागा ठरवताना कोणी विचारले नव्हते.

म्हणूनच आराखड्याची ग्रामसभा हा उपचार समजू नका. आपल्या राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामपंचायत विकास आराखड्याची पद्धत चालते. वर्षाच्या आराखड्यात जे काम नाही, ते ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवर चढत नाही, आणि जे तिथे चढले नाही त्यावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही. प्रत्यक्षात अनेक गावांत हा आराखडा संगणकचालक मागील वर्षाच्या नकलेवरून भरतो. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. आपल्या गावात साधारण १२०० मतदार धरले तर १५ टक्के म्हणजे १८०, म्हणून आपल्याला १०० माणसे पुरतात. ती शंभर माणसे एकाच आळीची नसावीत, याची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागेल. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. तिचे इतिवृत्त घरोघरी सह्या गोळा करून लिहिले जाते, हे मी नोकरीत असताना पाहिले आणि अनेकदा खपवूनही घेतले. आपण ते होऊ देऊ नका.

कामांचा क्रम कसा लावावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पाणी आधी, सांडपाणी त्यानंतर, मग रस्ता आणि सर्वांत शेवटी इमारत. रस्ता आधी केला की नळासाठी तो पुन्हा फोडावा लागतो, आणि फोडलेला सिमेंट रस्ता कोणी पूर्ववत करत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव आपण ऐकलेच असेल. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली ते गाव आदर्श गाव योजनेत आले तेव्हा त्यांनीही जलसंधारणापासून सुरुवात केली, आणि पाणी टिकावे म्हणून शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला. शासनाचा पैसा त्या गावाला मिळाला तसाच तो इतरही शेकडो गावांना मिळाला. तो आल्यावर पाणी कसे वापरायचे, हे हिवरे बाजारने आधी ठरवले होते.

काम सुरू झाल्यावर कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत पंचायतीच्या फलकावर लावा. गावातल्या माणसाला अभियांत्रिकी कळत नाही असे समजू नका. सिमेंट रस्त्याची जाडी किती धरली आहे हे एकदा सांगितले की फळी लावतेवेळी कोणीही पट्टी धरून पाहू शकतो. सगळ्यांत जास्त चोरी होते ती पाणी मारण्याच्या कामात. काँक्रीट घातल्यानंतर त्यावर मातीचे आळे करून किंवा ओली पोती टाकून किमान दोन आठवडे ओल टिकवावी लागते. ती टिकली नाही तर पुढच्या वर्षी वरचा थर पिठासारखा उडतो आणि खडी उघडी पडते. एका वस्तीत मी बचत गटाच्या दोन महिलांना हे काम सोपवले होते. त्या सकाळ-संध्याकाळ आळ्यांत पाणी आहे की नाही हे बघत आणि वहीत टिंब करत. तो रस्ता बारा वर्षांनी मी निवृत्त झालो तेव्हाही शाबूत होता. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय आणि आपण स्वतः काम पाहिल्याशिवाय देयकाला मंजुरी देऊ नका.

देयकाचाच विषय निघाला आहे म्हणून एक कळकळीची सूचना करतो. वित्त आयोगाचे पैसे आता सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने जातात. ती स्वाक्षरी ज्या डोंगलमध्ये असते ते डोंगल आणि त्याचा परवलीचा शब्द संगणकचालकाकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे किंवा घरातील कोणाकडेही ठेवू नका. विशेषतः महिला सरपंचांच्या बाबतीत ते दुसऱ्याच्याच खिशात असते, आणि पुढे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली (पदावरून दूर करण्यासाठी) चौकशी लागते तेव्हा नोटीस मात्र त्या बाईच्या नावे येते. मी अशा दोन सुनावण्यांना सरकारी बाजूने हजर होतो. दोन्ही ताईंना कोणते पैसे कुठे गेले, हे खरोखरच माहीत नव्हते, आणि ते माहीत नसणे हा कायद्यात बचाव होत नाही.

आता शेवटचा प्रकार, म्हणजे स्वतःचे उत्पन्न. रक्कम लहान असते म्हणून याकडे दुर्लक्ष होते. अनुदानातून वस्तू उभी राहते, पण ती चालवण्याचा खर्च बहुधा अनुदानात नसतो. शुद्ध पाण्याचे यंत्र हे त्याचे आपल्या भागातील सर्वांत परिचित उदाहरण आहे. उद्घाटनाच्या दिवशी पाच रुपयांत वीस लिटर पाणी मिळते, पहिल्या वर्षी गर्दी असते. मग आतील पडदा चोंदतो, तो बदलायला काही हजार रुपये लागतात, वीजबिल थकते आणि पत्र्याच्या त्या खोलीत कोंबड्या बसू लागतात. म्हणून कोणतेही यंत्र किंवा इमारत मागताना त्याच ग्रामसभेत विचारा की याचे वीजबिल, दुरुस्ती आणि राखण कोण व कशातून करणार. उत्तर मिळाले नाही तर ते काम त्या वर्षी मागू नका. जलजीवन मिशनच्या योजनांत गावाने गावातील कामांच्या भांडवली खर्चाचा १० टक्के वाटा, डोंगराळ भागात व अनुसूचित जाती-जमातींच्या बहुसंख्य वस्तीच्या गावांत ५ टक्के, उचलण्याची अट आहे. तिचा हेतूही योजना गावाला आपली वाटावी हाच आहे.

कराची वसुली वाढवण्यासाठी जप्तीची भाषा लागतेच असे नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळण देण्याची पद्धत सुरू केली आणि वसुलीचा प्रश्न सुटला, हे राज्यभर माहीत आहे. आपण तितके करू शकलो नाही तरी नमुना ८, म्हणजे कर आकारणीची वही, अद्ययावत करणे आपल्या हातात आहे. पत्र्याचे घर पाडून दुमजली बांधलेल्या माणसाची आकारणी अजून पत्र्याच्या घराचीच असते. या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. लेखापरीक्षणात सर्वाधिक आक्षेप याच तीन बाबींवर निघतात, म्हणून त्यांची कामे मार्चवर ढकलू नका.

आपण विचारलेल्या चार कामांपुरते बोलायचे तर टाकीसाठी आधी जागेचे बक्षीसपत्र करा. तोवर जुन्या टाकीची गळती बंधित निधीतून थांबवता येईल. तांड्याचा रस्ता तांडा वस्ती योजनेतून मागा, पण त्याआधी तो तांडा त्या योजनेच्या यादीत नोंदला आहे का आणि किती लोकसंख्येने, हे पाहा. शाळेच्या कुंपणासाठी अबंधित निधी वापरता येतो किंवा आमदार निधीचे पत्र देता येते. सभामंडपाचा ठराव पुढे ढकलण्यास मी सांगेन. ग्रामस्थांचा आग्रहच असेल तर शाळेच्या जुन्या खोलीचे छप्पर दुरुस्त करून ती सभांसाठी वापरता येईल का, हे ग्रामसभेपुढे ठेवा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत आपल्याकडे जेवढे आठवडे आहेत, त्यांत रस्त्यांची वही आणि तांड्याची मोजणी एवढी दोनच कामे पूर्ण करा. तेव्हा सोयाबीन काढणीचे दिवस असतील आणि मजुरी बुडवून बायका दुपारी पंचायतीत येणार नाहीत. म्हणून महिलांची सभा आदल्या दिवशी संध्याकाळी तांड्यावरच, विजेच्या खांबाखाली सतरंजी टाकून घ्या, आणि इतिवृत्ताची वही सोबत न्यायला विसरू नका.